सरपंचाचा शेक

बानाबाईला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. सुनेच्या माहेरी गेली की "भाजी लई ब्येस झाली" असं तोंडभरून सांगायची आणि वाटी हळूच बाजूला सारायची. पण जनावराशी खोटं? छ्या! तिचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं होतं. बापानं तिला एक गोष्ट कानफटात देऊन शिकवली होती: हाक मारायची तर हातात काहीतरी पाहिजे. पाला असो, नाहीतर मिठाचा खडा. रिकाम्या हातानं जनावराला बोलावलं की ती खोटी हाक. अशी हाक मारल्यावर तिला एकदा दिवसभर भाकरी मिळाली नव्हती. म्हणून तर पुढं जे झालं ते तिच्या एवढं जिव्हारी लागलं.

नवरा केरबा गेला, मेंढरं विकली, आणि बिडकीनजवळचं घर सोडून बानाबाई शहरात मुलाकडं राहायला आली. बिभीषण तिचा एकुलता एक. चितेगावच्या एका कंपनीत सुपरवायझर. बायको सोनिया, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, नवाकोरा सोफा. बानाबाईनं गावाकडून आणलं काय, तर एक घोंगडी आणि सरपंच. सरपंच म्हणजे बोका. पिवळा, रुंद तोंडाचा. चालायचा असा, की निवडणुकीचा निकाल आत्ताच लागलाय आणि गुलाल उधळायचाच काय तो बाकी आहे. नाव केरबानं ठेवलेलं. त्यामुळं नवऱ्याची म्हणून जी काही आठवण उरली होती, तीसुद्धा चार पायांवर बाल्कनीत बसलेली असायची.

सरपंचही म्हातारा झाला. त्याचा मागचा खुबा धरला. पाय ओढत चालायचा, वाळूच्या ट्रेपर्यंत पोचायच्या आधीच फरशी ओली व्हायची. सोनिया नाक मुरडायची. पण पुसायचीही तीच, उगाच खोटं कशाला बोला! बानाबाई रात्रंदिवस त्याचा पाय चोळत बसायची. शेवटी बिभीषणनंच जनावरांचा दवाखाना शोधला. आईला आणि बोक्याला स्वतः गाडीत घालून नेलं. त्या दिवशी बानाबाईनं लिफ्टमध्ये भेटलेल्या प्रत्येकाला सांगितलं, "माझं पोरगं बघा, बोक्याला दवाखान्यात नेतंय."

डॉक्टर प्रांजली वयानं लहान, पण धीराची. म्हणाली, "आजी, याला लेझर देऊ. सुई नाही, कापाकापी नाही."

"म्हंजी काय करनार?"

"उजेडाचा शेक समजा. आत सांध्यापर्यंत जातो, दुखणं हलकं होतं. म्हातारपण काही जाणार नाही हं, पण त्याला जरा सुखानं चालता येईल."

उजेडानं कुठं खुबा बरा होतो का! बानाबाईला पटलं नाही. पण मग डॉक्टरनं सगळ्यांना हिरवट काचांचे चष्मे दिले. नऊवारी, डोक्यावर पदर आणि डोळ्यांवर तो चष्मा! बिभीषणनं फोटो काढला आणि हसून हसून त्याचं पोट दुखलं. बानाबाईनं सरपंचाचं डोकं मांडीशी धरलं. डॉक्टर एक छोटी दांडी त्याच्या खुब्यावरून हळूहळू फिरवत राहिली. सुरुवातीला बोका ताठ होता. मग अंग सैल सोडलं, डोळे मिटले आणि लेकाचा चक्क गुरगुरायला लागला. "हात्तिच्या," बानाबाई म्हणाली, "मलाबी द्या की गुडघ्याला."

दर गुरुवारी शेक सुरू झाला. आधी सरपंच दवाखान्यात न्यायच्या प्लास्टिकच्या पेटीत बसायचं म्हटलं की चारी पाय दाराला लावून भांडायचा, बानाबाईच्या हातावर ओरखडे असायचे. पण पेटीत बसलं की ऊब मिळते, हे त्याला हळूहळू उमजलं. मग पेटीचं दार उघडायचं, आत तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा टाकायचा आणि नुसतं म्हणायचं, "चल सरपंचा, शेकायला." स्वारी आपल्या पायांनी आत! बानाबाईला त्याचा कोण अभिमान. तिच्या हाकेला इमान होतं आणि बोक्यालाही ते ठाऊक होतं.

आणि तो बरा झाला. हाच बिचाऱ्याचा गुन्हा. दुखत होतं तोवर बाल्कनीत पडून असायचा. आता ओट्यावर चढून साय फस्त करू लागला, नव्या सोफ्यावर नखांना धार लावू लागला. सोनियाच्या माहेरचे यायच्या दिवशी सोफ्यातला स्पंज बाहेर लोंबत होता. घरात दोन दिवस भांडी फार आपटली.

पुढच्या गुरुवारी बिभीषणनं सुट्टी काढली. "आई, तू नको येऊ आज. तुझे गुडघे दुखताहेत, मी नेतो. फक्त त्याला पेटीत बसव. माझं तो ऐकत नाही."

बानाबाईनं दार उघडलं. "चल सरपंचा, शेकायला." बोका शेपूट उभी करून आत गेला.

संध्याकाळी पेटी रिकामी आली. डॉक्टरांनी ठेवून घेतलंय म्हणे, दोन्ही वेळा शेक द्यायचाय. आणि पुढच्या आठवड्यात बिभीषण आईशेजारी बसून म्हणाला, "आई, सरपंच गेला गं. झोपेतच गेला. डॉक्टरांनीच पुरलं त्याला." बानाबाई पदर तोंडात धरून रडली. बिभीषणनं खिशातून रुमाल काढून तिचे डोळे पुसले. पुसले, हो! स्वतःच्या हातानं.

काही दिवसांनी ती एकटीच रिक्षा करून दवाखान्यात गेली. कुठं पुरलंय तेवढं बघावं, वाटीभर दूध ठेवावं, एवढंच मनात होतं. प्रांजली तिला पाहून खुर्चीतून उठली. "अहो आजी, आहात कुठं? सरपंचाला का आणत नाही? इतका छान फरक पडत होता. मध्येच बंद केलं तर पाय पुन्हा धरेल त्याचा."

बानाबाईच्या हातातली दुधाची बाटली तशीच राहिली. "आणते," एवढंच ती बोलली.

बिभीषण कामावरून आला तेव्हा ती दाराजवळच बसली होती. ओरडली नाही. "कुठं सोडलास त्याला?"

तो आधी सोनियाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "कंपनीच्या कँटीनमागं. तिथं खायला मिळतं गं त्याला."

"अन् मेला म्हनलास?"

"तू वाट बघत बसली असतीस म्हणून."

"व्हय रं? मी रडत हुते तवा डोळं पुसलंस की माझं! अन् सोडायचाच हुता तर पोत्यात कोंबायचा, फरफटत न्यायचा. मला का हाक माराया लावलीस? त्यो माझ्या सबदावर आत गेला, बिभीषणा. माझ्या!"

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याच गाडीतून चितेगावला गेली. मांडीवर पेटी, पेटीत लुगड्याचा तुकडा.

कँटीनमागं पाइपांचा ढीग होता. तिनं हाक मारली. बऱ्याच वेळानं पिवळं डोकं बाहेर आलं. वाळला होता, कान फाटला होता, पाय पुन्हा ओढत होता. पण तिचा आवाज ऐकून आला, थेट तिच्याकडं आला. बानाबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं पेटीचं दार उघडलं. "चल सरपंचा, शेकायला."

तो जागीच थांबला. पेटीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. ओरडला नाही, फिस्कारलाही नाही. मागं मागं सरकत पुन्हा पाइपांखाली गेला.

बानाबाईनं पेटी लाथेनं भिरकावून दिली. धुळीत बसली, दूध ओतलं, हाका मारल्या, शपथा घातल्या, बिभीषणला शिव्या दिल्या, स्वतःला त्याहून जास्त दिल्या. ऊन कललं तेव्हा बोका बाहेर आला आणि हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर बसून दूध पिऊ लागला. तिनं हात पुढं केला की तो उठायचा, मागं घेतला की बसायचा.

बिभीषणनं गाडीचं दार उघडून धरलं. "चल आई. उद्या पुन्हा येऊ, नक्की. मी शब्द देतो."

त्या गुरुवारीही त्याचा आवाज असाच मऊ होता. पोटच्या पोराची बानाबाईला भीती वाटली. असं कधी झालं नव्हतं.

"तू जा," ती म्हणाली. "मला नाय बसायचं तुझ्या गाडीत."