उजव्या बाजूची गाठ

आमचे हे स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे. सगळी नोकरी फौजेत गेली, सुभेदार होऊन रिटायर झाले, तरी बनियनसुद्धा कुणाला धुवू द्यायचे नाहीत. घासायचे, पिळायचे, झटकून दोरीवर चिमटे लावायचे. विरार पश्चिमेला बोळिंजमध्ये फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डिंगमधल्या बायकांना माझा नुसता हेवा. समोरची म्हणायची, "तुमचं बरंय बाई, आमच्या ह्यांना स्वतःचा चहाचा कप उचलवत नाही." मीही मिरवायचे. का नाही मिरवायचं? लग्नानंतरची अर्धी वर्षं हे सरहद्दीवर आणि मी साताऱ्याला सासूच्या हाताखाली. आता कुठे दोघांचा संसार सुरू झाला होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माणिकपूरला एका हॉलमध्ये माजी सैनिकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी तपासणीचं शिबिर होतं. पुरुषांचं बीपी, शुगर, डोळे. बायकांसाठी कोपऱ्यात पडदा लावून आत एक डॉक्टरीण. ती छाती तपासत होती, गाठ-बिठ आहे का बघायला. मी म्हटलं, मला नाही जायचं बाई. तर ह्यांनीच दटावलं. "जा गुमान. डॉक्टर आहे ती, तिच्यापुढे लाजायचं काय?" आणि हे माझी पर्स मांडीवर घेऊन पडद्याबाहेर खुर्चीत बसून राहिले.

डॉक्टरीण मोठी प्रेमळ होती. घरी आपल्या हाताने कसं बघायचं ते शिकवलं, आणि बजावलं, गाठ लागली तर लगेच दाखवायची, दुखत नाही म्हणून गप्प बसायचं नाही. मला काही निघालं नाही, त्यामुळे परतताना रिक्षात माझं तोंड सुटलं होतं. सगळं ह्यांना सांगत सुटले. हे बाहेर बघत होते. मधेच विचारलं, "दुखत नसली तरी दाखवायची?" मी म्हटलं, "हो, तसंच म्हणाली ती." त्यावर घर येईपर्यंत अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, रिक्षावाल्यादेखत असलं बोलते म्हणून चिडलेत.

पुढच्या उन्हाळ्याची गोष्ट. पाण्याची बोंब होतीच, त्यात दोन दिवस नळाला थेंब नव्हता. हे पेन्शनच्या कामाला बँकेत गेले आणि इकडे टँकर आला. म्हटलं, पाणी आहे तोवर सगळं धुवून टाकावं. बाथरूममधल्या बादलीत टॉवेलच्या खाली ह्यांचं बनियन चोळामोळा करून ठेवलेलं. ह्यांचं, आणि चोळामोळा! उलगडून बघितलं तर उजव्या बाजूला, छातीवर, रुपयाएवढा तपकिरी डाग. वाळलेलं रक्त बाईमाणसाला ओळखायला शिकवावं लागत नाही. मी ते बनियन तसंच हातात धरून दारात उभी राहिले, हे येईपर्यंत.

"हे काय आहे?"

"गंज लागला असेल तारेचा."

"आपली दोरी नायलॉनची आहे. शर्ट काढा."

"अगं, दार उघडंय."

"दार लावते. शर्ट काढा तुम्ही."

काढला. उजवीकडचं बोंड आत ओढलं गेलं होतं, आणि त्याच्याखाली सुपारीएवढी टणक गाठ. बोट लावलं तर जागची हलेना.

"बंदुकीचा मार आहे तो," हे म्हणाले. "फायरिंगला दस्ता तिथंच बसतो. आमच्यात सगळ्यांनाच असतं थोडंफार."

"कधीपासून आहे?"

भिंतीकडे बघत म्हणाले, "शिबिराच्या आधीपासून."

"अहो, मग तेव्हा का नाही बोललात? ती डॉक्टरीण तिथंच होती की! तुम्ही पडद्याला खेटून बसला होतात!"

"पडद्यावर लिहिलं होतं, फक्त महिलांसाठी."

एवढंच बोलले. वाचलेलं पाळायचं, हे अंगात भिनलेलं. आणि खरं सांगायचं तर लाज. गोळीबारात उभा राहिलेला माणूस, पण बायकांचा आजार आपल्याला झाला असेल हे स्वतःशीसुद्धा म्हणायला घाबरला.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. छाती तपासायच्या खोलीबाहेर बाकावर सगळ्या बायकाच. आतून आया आली आणि माझ्या दंडाला धरून म्हणाली, "चला ताई, आत या." मी म्हटलं, "मी नाही. हे." बाकावरच्या बायकांनी आपापले पदर सारखे केले. हे उठले, शर्टाची वरची गुंडी लावली आणि ताठ मानेने आत गेले. मला तिथंच रडू फुटलं.

डॉक्टर म्हणाले, पुरुषांना हा कॅन्सर क्वचित होतो, पण होतो. कुणाच्या ध्यानीमनी नसतं, म्हणून फार उशिरा येतात. ह्यांची गाठ काखेपर्यंत पोचली होती. ऑपरेशन झालं, औषधं झाली, मग हाडं दुखायला लागली. एकदा ड्रेसिंग करताना म्हणाले, "भरतीच्या वेळी छाती मोजली होती माझी. अख्ख्या रांगेत माझी रुंद." आणि हसले. मला हसता आलं नाही.

मला शपथ घातली होती. कुणी विचारलं तर फुप्फुसाचा म्हणून सांगायचं. सासरी गेलेल्या लेकीलासुद्धा मी तेच सांगितलं.

दिवाळीच्या तोंडावर हे गेले. तेराव्याला फौजेतले जुने सोबती आले, सतरंजीवर बसले. विरार पूर्वेचे एक सुभेदार, ह्यांचे जिवलग, म्हणाले, "वहिनी, हा गडी बिडीला कधी शिवला नाही. फुप्फुसाचा कसा काय झाला?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "फुप्फुसाचा नव्हता. स्तनाचा होता. हो, पुरुषालाही होतो. घरी जा आणि आपापली छाती चाचपून बघा सगळेजण."

धाकटे दीर मला आतल्या खोलीत घेऊन गेले. "वहिनी, गेलेल्या माणसाची अब्रू काढलीत तुम्ही."

"अब्रूपायीच गेले ते," मी म्हटलं. शपथ मोडल्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

होळीनंतर त्या सुभेदारांची बायको आली. माझे दोन्ही हात धरून रडायलाच लागली. सुभेदारांना गाठ निघाली होती, वाटाण्याएवढी. वेळेत काढली, आता धोका नाही म्हणाले डॉक्टर. "तुमच्यामुळे वाचले हो," ती पुन्हापुन्हा म्हणत होती. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तिचा राहिला आणि माझा का नाही? असलं मनात येतं, काय करणार? चहा टाकायच्या निमित्ताने मी स्वयंपाकघरात गेले, तर ती मागोमाग आली.

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "कळलं कसं?"

"तेराव्याहून आमचे हे घरी आले ना, तर सरळ बाथरूममध्ये गेले. मग आतून हाक मारली मला. म्हणाले, जरा इकडं ये, इथं हात लावून बघ."

मी गॅस बंद केला. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला अशी हाक कधीच मारली नाही. एकदा जरी मारली असती, तर हातातलं टाकून धावत गेले असते मी.