नानांच्या धुळ्याच्या फेऱ्या

नाना महिन्यातून एकदा रजा टाकून धुळ्याची एसटी पकडायचे. जळगावच्या आमच्या कारखाना तपासणी कार्यालयातले ते सगळ्यांत जुने कारकून. मी नवीन होतो. मला वाटायचं, लेकीकडे जात असतील. ते जायचे तिथल्या मोठ्या दवाखान्यात.

कारण होतं आमची नोंदवही. कापसाच्या जिनिंगच्या पट्ट्यात किंवा डाळमिलच्या चाकात कुणी सापडलं, की पहिल्याच दिवशी नावापुढे 'जखमी' लिहिलं जाई. ज्याची अवस्था अवघड, त्याला धुळ्याला पाठवत. तिथे तो आठवड्याने दगावला तरी आमच्या वहीत जखमीच राही. नाना वॉर्डात जाऊन विचारत आणि परतल्यावर वहीत दुरुस्ती करत. "गेलेल्याला किती दिवस खाटेवर झोपवून ठेवायचं रे?" म्हणत.

ते निवृत्त झाले आणि फेऱ्या थांबल्या. काही वर्षांनी साहेबांनी मला यंत्रावरच्या मृत्यूंचा पंधरा वर्षांचा तक्ता करायला सांगितलं. त्यावरून काढलेल्या आलेखाची रेघ झकास खाली उतरली. हौसेने ती नानांना दाखवायला नेली. चष्मा पुसून त्यांनी बोट नेमकं उतार सुरू होतो तिथे ठेवलं.

"आठे मी रिटायर व्हयनू," ते म्हणाले. "आकडा कमी व्हयना, भाऊ. मरनं कमी नई व्हयनं."

मला ते तिथल्या तिथे पटलं होतं. तरी अहवालात मी 'मृत्यू घटले' एवढंच लिहिलं. खाली एका ओळीची टीप टाकायला मला काय धाड भरली होती? साहेब खूश होते, त्यात मिठाचा खडा कशाला, एवढंच. त्या तक्त्याच्या जोरावर जिनिंगच्या तपासण्या वर्षाला दोनावरून एकावर आल्या.

पुढच्याच हंगामात भडगावकडे एका बाईचा पदर पट्ट्यात गेला आणि तिला धुळ्याला हलवावं लागलं. पट्ट्यावरची जाळी कधीच निघाली होती, आणि ती बघायला आमच्यापैकी कुणी गेलं नव्हतं. नाना तेव्हा अंथरुणाला खिळलेले. अपघाताचं त्यांच्या कानावर गेलं होतं; भेटायला गेलो तर आधी तेच विचारलं.

"ती बाई कशी शे?"

"जखमी आहे, नाना."

"कोनी सांगं तुले?"

"नोंदीत तसं आहे."

नाना भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. थकले असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली.

चार दिवसांनी ते गेले. त्यानंतर मी धुळ्याला चौकशी केली. मी नानांना 'जखमी आहे' म्हणालो, त्याच्या आठवडाभर आधीच ती बाई गेली होती.