जीपचा खालचा पाइप

बुधवार, मे १९७६, सकाळी आठ. कालव्याच्या कामावरचा आमचा कॅम्प, कुंभार पिंपळगावच्या अलीकडे दोन मैल. हजर: कॅम्पचे इंजिनिअरसाहेब, फोरमन, जीपचा ड्रायव्हर आणि मी, स्टोअरकीपर. गैरहजर: जीपचं पेट्रोल इंजिन. ते आदल्या आठवड्यात काढून शेडच्या मागं टाकलं होतं.

पेट्रोल परवडेना, म्हणून ठेकेदारानं जीपमध्ये डिझेल इंजिन बसवायचं ठरवलं. औरंगाबादच्या भंगारातून अपघातात मोडलेल्या एका मालवाहू गाडीचं इंजिन आलं. फोरमननं ते एकट्यानं बसवलं. गिअरबॉक्स जुळवायला लागणारी जाड पट्टी स्वतः कापली, स्वतः वेल्ड केली. काम चोख होतं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं त्याच्याबद्दल चांगलं लिहायची वेळ येईलसं वाटत नाही.

साहेब म्हणाले, "सोमवारी मोठे साहेब येतायत. शेवटच्या पुलापर्यंत जीपशिवाय काही जात नाही. सोमवारी जीप निघाली पाहिजे."

"इंजिन तयार हाय साहेब," फोरमन म्हणाला. "पाइपापायी अडलंय, अन् पाइप स्टोअरपायी. सहा साल झाले, या खिडकीतून टायमावर एक नट भेटला न्हाई. माझा पुतण्या मॅट्रिक होऊन घरी बसलाय. अक्षर बी चांगलंय."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "पाइपांपायी जीप अडली, तर मंगळवारी स्टोअरची चावी त्या पोराच्या हातात देईन. ऐकलं?"

ऐकलं. मी हंगामी माणूस. चावीबरोबर स्टोअरमागची पत्र्याची खोली जाणार होती, आणि त्या खोलीत माझी बायको आणि दोन मुली राहत होत्या. थोरली गावच्या शाळेत सातवीत होती.

फोरमनचं आणि माझं वैर जुनं. तो माझ्या हातातून वस्तू घेत नसे. खिडकीला एक फळी होती. मी वस्तू फळीवर ठेवायची, हात मागं घ्यायचा, मग तो उचलायचा. आमच्या घरानं धम्माची दीक्षा घेतली त्याला वीस वर्षं होत आली होती, फोरमनच्या हाताला ती बातमी पोचली नव्हती. मी त्यावर भांडलो नाही. मी एक नियम काढला: चिठ्ठी नाही तर वस्तू नाही. चिठ्ठीत लिहिलंय तेवढंच, लिहिलंय तसंच, खाली सही. वेल्डिंगची एक काडी लागली तरी चिठ्ठी. फोरमनला लिहायचा कंटाळा, हे मला माहीत होतं. म्हणूनच तो नियम होता.

त्या बुधवारी मी सुतळी आणि पट्टी घेऊन जीपखाली शिरलो आणि यादी केली.

एक, रेडिएटरचा वरचा पाइप. दोन, रेडिएटरचा खालचा पाइप. तीन, टाकीतून इंजिनाकडं डिझेल आणणारी नळी. चार, उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी नळी. पाच, हवेच्या फिल्टरचा पाइप.

यादी फळीवर ठेवली. फोरमननं ती उचलून वाचली. "चार नंबर कशाला? या गाडीला एकच नळी होती."

"पेट्रोलला एकच असते. डिझेलला परतीची लागते. आपल्या रोलरला बघा."

तो रोलरपाशी जाऊन वाकला. परत आला तेव्हा शेडमध्ये चार माणसं होती. त्यांच्यासमोर म्हणाला, "ए स्टोअर, तू फळीच्या आतला माणूस. आतच राहायचं. इंजिनात बोट घालायचं न्हाई. समजलं का?"

चार नंबर त्यानं खोडला मात्र नाही.

गुरुवारी पहिल्या एसटीनं मी आणि ड्रायव्हर नवीन जालन्याला गेलो. ड्रायव्हर साठीला टेकलेला, निजामाच्या काळापासून गाड्या चालवलेला. कॅम्पात सगळे त्याला चाचा म्हणत. स्टेशनच्या रस्त्यावरची स्पेअर पार्टची तीन दुकानं आम्ही पालथी घातली. डिझेलच्या नळ्या मिळाल्या. हवेचा पाइपही मिळाला, थोडा मोठा, पण क्लिपनं आवळता येईल असा. रेडिएटरचे पाइप कुणाकडंच नव्हते. इंजिन एका गाडीचं, रेडिएटर दुसऱ्या गाडीचा, दोन्हीकडच्या तोंडांचं माप वेगळं, आणि खालच्या पाइपाला काटकोनात वळण हवं.

तिसऱ्या दुकानदारानं माझी यादी वाचून हात जोडले. "मास्तर, तुम्ही बैलाला घोड्याचा लगाम मागून राह्यले. असा पाइप कुणी करतच न्हाई."

"मग काय करायचं?"

"शेतीच्या दुकानात जा. इहिरीच्या इंजिनाचा पाइप तोडा अन् जमवा."

ते बरोबर होतं. विहिरीवरच्या पंपाला दोन पाइप असतात. पाणी ओढणारा सक्शन पाइप, त्याच्या अंगात तार असते, म्हणून तो ओढीनं चपटत नाही. आणि पाणी फेकणारा डिलिव्हरी पाइप, मऊ, बिनतारेचा. जीपलाही तेच लागू होतं. वरच्या पाइपातून पंप पाणी फेकतो, खालच्यातून ओढतो. मी दोन्ही तोडून घेतले. सक्शन वळत नाही, म्हणून नळाचा एक लोखंडी, काटकोनी एल्बो घेतला, दोन्ही बाजूंना निपल, म्हणजे आट्यांच्या आखूड नळ्या, आवळून. सक्शनचे दोन तुकडे, मध्ये एल्बो, चार क्लिपा, झाला खालचा पाइप. वरच्यासाठी मऊ पाइप, आणि तोंड लहान तिथं आतून सायकलच्या ट्यूबची पट्टी. परतीच्या एसटीत मी हे चाचाला कागदावर काढून दाखवलं.

"बिलकुल बराबर," तो म्हणाला. "आता हे त्याला सांगा."

"विचारलं तर सांगीन."

"तो न्हाई विचारायचा. अन् तुम्ही न्हाई सांगायचे." चाचानं खिडकीबाहेर पाहिलं. "माझ्या गाडीचं नशीब."

शनिवारी सकाळी फोरमनची चिठ्ठी फळीवर आली. 'रबरी पाइप मऊ, तीन हात. क्लिपा चार.' सही. म्हणजे वर आणि खाली दोन्हीकडं तो मऊच लावणार होता. का, ते मला कळत होतं. मऊ पाइप हातानं वळतो, भराभर बसतो. तारेचा सक्शन खिडकीच्या आत, त्याच्या डोळ्यांसमोर खुंटीला टांगलेला होता. त्यानं विचारलं नाही. मी सांगितलं नाही. तोंड उघडलं होतं एकदा. मग बुधवारचं वाक्य आठवलं आणि मिटलं. मऊ पाइप तीन हात, क्लिपा चार. फळीवर ठेवल्या, हात मागं घेतला. चिठ्ठी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली, फाइलीत लावली नाही.

रविवारी जीप सुरू झाली. जागेवर अर्धा तास चालली, पाणी गळलं नाही, तापमानाचा काटा मध्यावर. फोरमननं पेढे वाटले. स्टोअरचे फळीवर ठेवले.

सोमवारी सकाळी जीपमध्ये मोठे साहेब, आमचे साहेब, फोरमन, चाचा आणि मागं फळकुटावर मी. दगडगोट्यांची नोंदवही घेऊन चल, असं साहेबांनी सांगितलं होतं. वहीबरोबर मी एक पिशवीही घेतली. पिशवीत सक्शनचे दोन तुकडे, एल्बो, क्लिपा, स्क्रूड्रायव्हर आणि चाकू. ती का घेतली, हे त्या वेळी मी स्वतःला नीट विचारलं नाही. जीप अडली तर माझी चावी जाणार होती. जीप अडावी असंही मला वाटत होतं. दोन्ही खरं आहे.

तीन मैल ठीक गेले. पुढं कालव्याच्या भरावावर चढायचं होतं. चाचानं गिअर बदलून पाय दाबला, इंजिन ओरडलं, अर्ध्या चढावर काटा लालमध्ये गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. चाचानं लगेच इंजिन बंद केलं.

फोरमन उडी मारून उतरला, बॉनेट उघडलं आणि घाईत रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी त्याच्या मनगटावर आलं. तो ओरडला. चाचानं कॅनमधलं पाणी त्याच्या हातावर ओतलं. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. त्या क्षणी वाटलं नाही.

खालचा पाइप ओढीनं ओल्या कापडासारखा चपटा झाला होता.

"बघा साहेब!" फोरमन हात धरून म्हणाला. "स्टोअरनं सडका पाइप दिला. बोललो होतो का न्हाई मी?"

मी खिशातून चिठ्ठी काढून साहेबांना दिली. त्यांनी वाचली. मोठे साहेब घड्याळ बघत होते.

"मऊ पाइप तू मागितलास," साहेब फोरमनला म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "आणि तुला माहीत होतं का, मऊ चालणार नाही म्हणून?"

नाही म्हणालो असतो, तर चिठ्ठीनं मला वाचवलं असतं. चावीही कदाचित राहिली असती. पण जीप तिथंच राहिली असती, आणि मंगळवारी चावी काढून घ्यायचं साहेबांचं वाक्य जीप अडण्याबद्दल होतं, चिठ्ठीबद्दल नव्हतं. मी पिशवी उघडली.

साहेबांनी आत पाहिलं. "म्हणजे माहीत होतं."

"होतं साहेब."

"बसव," ते फोरमनला म्हणाले.

मी तुकडे एल्बोला जोडून पाइप पुढं केला. फोरमननं भाजलेला हात पोटाशी धरला होता. दुसऱ्या हातानं जमिनीकडं बोट दाखवलं. "ठेव तिथं."

जमिनीवर घोटाभर काळी माती होती, पिठासारखी.

"माती आत जाईल. पंप खराब होईल," मी म्हणालो. "इथं फळी नाही."

चाचा पुढं आला, हात लांब केला. मी त्याला दिला नाही.

"अरे, तुम्ही दोघं मिळून माझं इंजिन उकळवलं," चाचा म्हणाला. "आता मोठ्या साहेबांना बी उन्हात उकळवता का?"

मोठे साहेब म्हणाले, "काय चाललंय? घ्या ना तो पाइप!"

फोरमननं पाइपाचं पलीकडचं टोक धरलं आणि हिसकला. मी पटकन सोडला नाही. मग सोडला.

इंजिन निवल्यावर त्यानं डाव्या हातानं क्लिपा आवळल्या, मी स्क्रूड्रायव्हर दिला तेव्हा तोही घेतला. चाचानं पाणी भरलं. जीप भरावावर चढली, शेवटच्या पुलापर्यंत गेली आणि परत आली. काटा मध्यावर.

संध्याकाळी साहेबांनी आम्हा दोघांना उभं केलं. फोरमनला म्हणाले, "मनगटाला मलम लाव आणि विचारायला शिक." मला म्हणाले, "पाइप पिशवीत होता, तोंडात शब्द नव्हता. हे मी विसरणार नाही. हा एल्बोचा जुगाड आहे. औरंगाबादहून बरोबर मापाचा, वळणाचा पाइप मागव. तो बसला, की स्टोअर कुणाकडं द्यायचं ते बघू. तोवर चावी तुझ्याकडं."

मी यादीत दुसऱ्या ओळीपुढं लिहिलं: औरंगाबादहून मागवणे.

दर सोमवारी फोरमन खिडकीशी येतो. मनगटावर पांढरा डाग राहिलाय. वस्तू अजून फळीवरूनच उचलतो.

"आला का पाइप?"

"नाही आला."

"कवा येणार?"

"मागवला की येईल."

या गोष्टीला तीन वर्षं झाली. पुतण्या आता कुठल्यातरी कापसाच्या जिनिंगमध्ये लागलाय असं ऐकतो, पण फोरमन विचारायचं थांबला नाही. थोरली दहावीला बसलीय. जीप एल्बोवरच चालते, क्लिपा मी दर पावसाळ्याआधी बदलतो, त्याची चिठ्ठी फोरमन न कुरकुरता लिहितो. यादी खिडकीच्या आत खिळ्याला अडकवलेली आहे. एक, तीन, चार, पाच या ओळींवर बरोबरची खूण आहे. दुसऱ्या ओळीवर नाही. औरंगाबादच्या दुकानदाराला लिहायचं कार्ड पत्त्यासकट तयार करून मी यादीमागंच ठेवलंय. ते टाकायचं राहिलंय.