पट्टा सोडून आठशे मीटर

करुणा दुसऱ्या फेरीत मोहाच्या झाडापाशी थांबली आणि मागं न पाहता घराकडं चालू लागली. मी शिटी वाजवली. तिनं मान वळवली नाही. लागोपाठ तिसरी सकाळ होती ही.

मी शिकलो चौथीपर्यंत. सगळी जवानी राईस मिलमध्ये धानाचे बोरे, पोतीच्या पोती, उचलण्यात गेली. आता तलावाच्या पारीखालच्या, म्हणजे बांधाखालच्या, मैदानावर पोलीस भरतीच्या पोरापोरींना पळवतो. चुन्यानं ट्रॅक मीच आखतो. माझ्या हाताखालून गेलेले कितीतरी जण वर्दीत आहेत, त्यामुळं कोणाचं ऐकायची सवय मला नाही. पोरं मला आबाजी म्हणतात.

भरतीत बायांना आठशे मीटर पळावं लागते. आमच्या मैदानाच्या दोन फेऱ्या. शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. जितका वेळ कमी, तितके मार्क जास्त. मधेच थांबली तर काहीच हाती लागत नाही. करुणाची वयात बसणारी ही शेवटची भरती होती. लग्नाआधी ती माझ्याकडं पळायची तेव्हा पोरांना मागं टाकायची. आता लेकरू दीड वर्षाचं झालं आणि ती परत आली होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी तिला म्हटलं, "मन नसल तं घरी राय."

"मन हाये, आबाजी," ती म्हणाली.

संध्याकाळी माझ्या बायकोनं, सयाबाईनं, मला बाजूला घेतलं.

"तुमाले काही समजते का? बाळंतपणापासून तिची लघवी आवरत नाही. जोरात पळली का कपडे ओले होतात. म्हणून काळा पँट घालते, सकाळपासून पाणी पीत नाही. हे तुमाले कशी सांगन ती?"

घोटा, गुडघा, दम, सगळ्यावर मैदानात बोलणं होते. यावर कोणी कधी बोललं नव्हतं.

इलाजही सयाबाईनंच काढला. आमच्याकडं बाळंतिणीचं पोट जुन्या लुगड्याच्या पट्ट्यानं घट्ट बांधतात. करुणा रोवण्याच्या, धानलावणीच्या दिवसात लवकर शेतात उतरली होती, पट्टा तेव्हाच सुटला. सयाबाई म्हणाली, पुन्हा बांधू. मलाही पटलं. आम्ही हमाल लोक बोरा उचलायच्या आधी कमरेला गमछा आवळायचो. सयाबाईनं तिचं पोट असं आवळलं की मुंगी शिरायला जागा नाही.

त्या दिवशी करुणा पहिल्या फेरीतच मोहाखाली बसली.

पोरं गेल्यावर ती माझ्याजवळ आली. सासू म्हणते लेकरू झाल्यावर सगळ्याच बायांना असं होते, तेव्हा उद्यापासून ती रोवण्यालेच जाणार, असं तिनं सांगितलं.

मी म्हटलं, "ताप बी सगळ्यांलेच येते. म्हणून कोणी दवाखाना सोडते का? उद्या भंडाऱ्याले चाल."

एसटीनं गेलो. दवाखान्यात व्यायाम शिकवणारी फिजिओ मॅडम होती. तिनं आधी करुणाला एकटीला तपासलं, मग तिला विचारून मला आत बोलावलं. टेबलावर तो पट्टा पडला होता.

"हा कोणी बांधला?"

"आमीच. काहून?"

मॅडमनं समजावून सांगितलं. कमरेच्या हाडांच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भाशय तिच्यावर टेकून असतात. बाळंतपणात ती ताणून ढिली पडते. पळताना प्रत्येक पावलाला वरून दणका बसतो आणि झोळी तो पेलत नाही. पट्टा आवळला की पोटातला दाब आणखी खाली जातो.

हे मला लगेच समजलं. बोऱ्याची खालची शिवण उसवली असेल आणि मधे सुतळी करकचून आवळली, तर धान खालूनच सांडते. मॅडमला तसं सांगितलं. ती म्हणाली, बरोबर, आता शिवण घट्ट करायची.

व्यायाम असा: लघवी आणि वारा अडवल्यासारखं खालून आवळायचं, वर ओढायचं, धरायचं, मग पूर्ण सोडायचं. श्वास कोंडायचा नाही. लघवी करताना मात्र हे करून पाहायचं नाही. पळणं काही महिने बंद, आधी नुसतं चालणं.

मी उखडलो. "मॅडम, भरती थांबत नाही."

"स्नायूही घाई करत नाही, आबाजी."

"एवढी पोरं पळवली मी, कोणाच्या झोळीची चौकशी नाही केली."

"तुमच्यातही आहे ती. पुरुषांनाही असते."

करुणा हसली. मैदानावर परत आल्यापासून पहिल्यांदा हसताना पाहिलं तिला.

परतीच्या एसटीत मी तो व्यायाम करून पाहिला. शेजारच्याला पत्ता लागला नाही. मैदान लागत नाही, बूट लागत नाही, असा व्यायाम मी दुसरा पाहिला नाही.

मग बाकीचे पळायचे आणि करुणा पारीवर बसून आवळायची, सोडायची. एका पोरानं टोमणा मारला, "आबाजी, वहिनी बसूनच भरती होते काय?" त्याला मी दोन फेऱ्या वाढवून दिल्या.

आणि भरती पुढं ढकलली गेली. सगळं मैदान सरकारला शिव्या घालत होतं. आम्ही दोघंच खुश होतो.

ती चालू लागली, मग हळू पळू लागली. त्रास झाला की एक पायरी मागं यायचं. मॅडमचं सांगणं होतं की गोळा फेकताना श्वास बाहेर सोडायचा. त्यात नवं काही नव्हतं. बोरा पाठीवर घेताना आम्ही "हुप्प" करायचो ते कायले?

भरतीच्या दिवशी मी कुंपणाबाहेर उभा होतो. करुणा पट्टा न बांधता पळाली. पहिली आली नाही. मधल्या घोळक्यात होती, पण शेवटच्या वळणावर तिनं दोघींना मागं टाकलं आणि कुठंही न थांबता रेषा ओलांडली. बाहेर आली, माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि सगळ्यांसमोर रिकामी केली.

लेखी परीक्षेच्या यादीत तिचं नाव लागलं. सध्या पुस्तकं घेऊन बसली आहे. त्यात माझं काही चालत नाही.

हमालाला कमरेचा गमछा चांगला, हे मी अजूनही म्हणतो. पण आता लेकुरवाळी बाई मैदानावर आली की बुटाच्या आधी तिच्या झोळीची विचारपूस होते. विचारते सयाबाई. मी तेवढा वेळ तलावाकडं तोंड करून उभा राहतो.

हल्ली सयाबाईही सकाळी पारीवर बसून तोच व्यायाम करते. मी म्हटलं, तुले कायले पाहिजे? चार लेकरं काढली मी, ती म्हणाली, तुमी कधी विचारलं? तुमी आपली शिटी वाजवा.

मी शिटी वाजवली.