दुसरं लँडिंग कुणी बघितलं नाही

माझ्या बाबांच्या मोबाइलमध्ये एक व्हिडिओ आहे. पांढरं छोटं विमान उन्हातून खाली येतं, धावपट्टीवर तरंगत पुढं पुढं जातं, टेकतच नाही, आणि एकदम आवाज वाढवून परत वर निघून जातं. मागून काकांचा आवाज येतो, "अरे, गेली की परत!" आणि पाच-दहा जण हसतात. व्हिडिओ तिथंच संपतो. ते विमान मी चालवत होते. आमच्या पालेगावात हा व्हिडिओ न बघितलेला माणूस शोधून सापडायचा नाही. आजही तो कुणी लावला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आम्ही मूळचे पालेगावचेच. जिथं भात लावायचो तिथं आता टॉवर आहेत. मी घाट चढून देशावरच्या एका फ्लाइंग स्कूलला विमान शिकायला गेले, तेव्हा सगळ्या भावकीनं नाकं मुरडली होती. पोरीला कशाला, लग्न कोण करणार, वगैरे वगैरे. एकटे बाबा म्हणाले, "जाव दे तिला." एवढंच. म्हणून मला त्या वेळी एकच गोष्ट हवी होती. मी एकटीनं विमान उतरवताना बाबांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. बस. लायसन-बियसन सगळं नंतर.

पहिल्यांदा एकट्यानं विमान उडवून उतरवायचं, त्याला सोलो म्हणतात. ती कधी होणार हे शिक्षक ठरवतात आणि वारा ठरवतो. मी फोनवर म्हणाले, "बहुतेक या आठवड्यात." झालं! आमच्या लोकांना बहुतेक हा शब्द ऐकूच येत नाही. काकांनी उल्हासनगरला जाऊन फ्लेक्स छापून आणला. छापणारा सिंधी शेठ म्हणाला म्हणे, "साईं, बडा प्लेन डालो, छोटा अच्छा नहीं दिखता." म्हणून दोन माणसांचं विमान शिकणाऱ्या माझ्या डोक्यामागं चार इंजिनांचं जंबो लागलं. खाली लिहिलं होतं, पायलट झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. मी अजून एकटीनं एकही फेरी मारली नव्हती आणि चौकात मी पायलट झालेली होते. मोबाइलवर फ्लेक्सचा फोटो बघून मला आधी हसू आलं आणि मग वाटलं, आता नाही जमलं तर?

मग रविवारी सगळे आलेच. अख्खी बस भरून. जेवणाचे टोप, पाण्याचे जार, पेढे, हार, सगळं घेऊन, जसं काही साखरपुडाच. कुंपणापलीकडच्या झाडाखाली सतरंज्या पडल्या. माझे शिक्षक ती गर्दी बघून मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांच्यासाठी उडणार असशील तर आज नको. विमानात बसल्यावर कुंपणाकडं बघायचं नाही." मी म्हणाले, "नाही बघणार, सर."

आधी ते माझ्याबरोबर फेऱ्या मारून आले, मग उतरले. दार लावताना म्हणाले, "मी नसणार, म्हणजे विमान हलकं होणार. लवकर उठेल आणि उतरताना तरंगेल. नाही टेकलं तर जबरदस्ती करू नकोस. वर ने आणि परत ये." हे त्यांनी आधीही शंभरदा सांगितलं होतं. उतरताना वेग जास्त वाटला, उंची जास्त वाटली, विमान मधल्या रेषेवरून सरकलं, यातलं काहीही एक झालं तरी वर. त्याला गो-अराउंड म्हणतात. ते नापास होणं नाही, तोही शिकवलेलाच धडा आहे. जमिनीवर नाक दाबून विमान बसवायला जाणारेच चाकं मोडतात आणि कधी मानही.

उड्डाण मस्त झालं. वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी बघितली, विमान मधल्या रेषेवर आणलं, हळूहळू पूर्ण पॉवर दिली, काट्यावर वेग येईपर्यंत हात आवरून धरले. आपण ओढायचं नसतं, वेग आला की ते स्वतः उठायला मागतं. उठलं. शेजारची सीट रिकामी बघून मी चक्क मोठ्यानं ओरडले. आयुष्यात इतकी खूश मी कधी नव्हते.

गोल फिरून उतरायला आले तेव्हा सगळं ठीक होतं. पण धावपट्टीच्या तोंडाशी वाऱ्याचा एक झोत आला आणि वेग वाढला. टेकायच्या आधी नाक थोडं वर धरून वेग मरू द्यायचा असतो. मी धरलं, पण वेग मरेना. हलकं विमान तरंगतच राहिलं. खालून धावपट्टी सरकतेय, सरकतेय, अर्धी संपली. आणि तेव्हा कुंपण दिसलं. बघायचं नाही म्हटलं होतं, पण ते समोरच आलं. रंगीत साड्या, वर धरलेले मोबाइल. मनात आलं, दाब आता, बसव खाली, सगळे बघतायत, फ्लेक्स लागलाय चौकात! एक क्षणच आलं. मग हातांनी, शिकवलं होतं तेच केलं. पूर्ण पॉवर, नाक सरळ, वेग येऊ दिला, पंखांच्या मागच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, एकेक टप्प्यानं वर, रेडिओवर सांगितलं की परत फिरतेय.

दुसऱ्या फेरीला मी थोडी लांबून आले, वेग आधीपासूनच आवरून. चाकं कधी टेकली ते कळलंसुद्धा नाही. इतकं अलगद लँडिंग त्यानंतरही माझ्याकडून फार वेळा झालेलं नाही. शिक्षकांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "दुसरं छान होतं, पण तुला पास पहिल्यानं केलं." मग सीनियर मुलांनी माझ्या डोक्यावर बादल्या ओतल्या. सोलो झाली की पाण्यानं भिजवतात, तो तिथला रिवाज आहे.

मी तशीच पाणी निथळत झाडाकडं धावले. सतरंज्यांवर पंगत बसली होती. धावपट्टीकडं पाठ करून! आईनं मला बघितलं आणि हातातला डाव टाकून उठली. "अगो बाय, कशात परलीस?"

"पडले नाही गं! झाली माझी सोलो! उतरवलं मी!"

काका ताटाकडं बघत होते. मग बाबा उठून आले. विमान परत वर गेल्यावर त्यांनीच सगळ्यांना म्हटलं होतं, चला, जेवून घ्या. लोकांनी आणखी बघत राहू नये म्हणून. त्यांनी माझ्या ओल्या डोक्यावर हात ठेवला आणि हळू म्हणाले, "जाव दे बाय. सगल्यांना जमतं असा नाय."

मला सांत्वन! माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी माझा बाप माझं सांत्वन करत होता! मी पुन्हा सांगितलं, ओरडून सांगितलं, शिक्षकांना बोलावून आणते म्हणाले. बाबा "हाव, हाव" करत राहिले, तापातल्या पोराला करतात तसं. पेढ्यांचे बॉक्स उघडलेच नाहीत. परत पालेगावात पोचल्यावर बाबांनी स्वतः शिडी लावून फ्लेक्स उतरवला, हे मला आईकडून कळलं.

त्यानंतर लायसन झालं, आता मी दुसरीकडं शिकवते. माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी गो-अराउंड सांगते आणि जो न लाजता वर जातो त्याची पाठ थोपटते. घरी मात्र मी ताटाची धावपट्टी आणि चमच्याचं विमान करून किती वेळा समजावलं असेल! बाबा मान हलवतात. आणि हळदीला, बारशाला, कुणी पोराला पायलट करायचं म्हणालं की खिशातून मोबाइल काढतात. "लय कठीण असतं. ह्ये बघा, आमचे पोरीला पन पयले येलेला नाय जमला."

गेल्या महिन्यात मी न राहवून म्हणाले, "बाबा, माझ्याबरोबर बसा एकदा. मी उडवते, मी उतरवते. शेजारी बसून बघा."

"नको गो. इमान परत वर गेला तं? तिथं लोका असतान."

मरायची भीती नाही माणसाला, लोकांची आहे! मी चिडून मोबाइल हातात घेतला आणि म्हणाले, "मग हा तरी पुसून टाकते. डोकं उठतं माझं." अंगठा बटणावर ठेवलाच होता, तर त्यांनी झटक्यात मोबाइल काढून घेतला. इतक्या घाईनं त्यांना हलताना मी कधी बघितलं नव्हतं. काच सदऱ्याला पुसली आणि मोबाइल आतल्या खिशात ठेवला.

"राहूदे गो," म्हणाले. "तुझा तेवढाच इमान हाय माझेकरं."