निळ्या ड्रमातलं गोडं पाणी

ज्या वर्षी आमच्या पिकअपला माल मिळेना, त्या वर्षी तिला संसार मिळाला. कापूस पिकला तर भाव नाही आणि भाव आला तर कापूस नाही, असे ते दिवस होते. गाडी दारात उभी राहून गंजायला लागली. मग नवऱ्याने मागच्या बाजूला बांबूच्या कमानी वाकवून ताडपत्री ताणली, आत बाज, गादी, स्टोव्ह आणि भांड्यांचं गाठोडं टाकलं आणि जाहीर केलं, की यापुढे लग्न असो, जत्रा असो, मोझरीचा आश्रम असो, जायचं ते घर सोबत घेऊनच. घर न्यायला कुणाची हरकत नव्हती. भांडण पाण्यावरून व्हायचं.

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, अकोल्याहून दर्यापूरकडे जाताना आत वळलं की लागणारं. तिथे विहीर खणा नाहीतर बोअर मारा, पाणी खारटच लागतं. त्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ शिजत नाही. गोडं पाणी म्हणजे पाइपलाइनचं, नळाला लहर येईल तेव्हा येणारं. म्हणून गाडीत दोन ड्रम बांधलेले असत. पांढऱ्यात बोअरचं पाणी, हातपाय आणि भांडी धुवायला. निळ्यात गोडं, पिण्यासाठी आणि वरणासाठी. निळा ड्रम सासूबाईंच्या ताब्यात होता. कुणी पेला पुढे केला की त्या आधी त्याच्या तोंडाकडे निरखून बघायच्या, खरोखर तहान लागली आहे की उगीच चैन चालली आहे.

त्या हिवाळ्यात आम्ही बहिरमच्या जत्रेला निघालो. परतवाड्याच्या पुढे भरणाऱ्या या जत्रेत लोक राहुट्या ठोकून मुक्काम करतात, रोडगे भाजतात, वांग्याचं भरीत करतात आणि पाहुण्यांना जेवायला बोलावतात. आम्हीही बोलावले होते. धाकट्या दिरासाठी परतवाड्याकडची एक मुलगी आम्ही पाहून आलो होतो, आणि आता तिच्याकडची माणसं जत्रेच्या निमित्ताने आम्हाला पाहायला येणार होती. दिराला आधी तीन ठिकाणांहून नकार आला होता. प्रत्येकाने एकच विचारलं, पोरीने काय जन्मभर पाणी भरायचं? त्याने तिशी ओलांडली होती. अख्ख्या सासरात वाकडं न चालणारा तेवढा एकच माणूस, आणि तोच बिनलग्नाचा राहील या विचाराने मला खरंच वाईट वाटायचं.

सासूबाईंचा बेत ठरलेला होता. "पावने आले की निळ्या ड्रमातलं पाणी द्याचं, अन् इचारलं त सांगाचं, आमच्या घरचंच हाये." शिवाय त्यांनी बजावलं, "परतवाड्यात पान्यासाठी कोणापुढं हात पसराचा नाही. पोरीकडच्यायनं पाह्यलं त नाक कापलं जाईन."

हा बेत मला नवा नव्हता. मी परतवाड्याचीच. माझे वडील घर पाहायला आले तेव्हा याच बाईंनी त्यांना असंच पाणी पाजलं होतं. वडिलांनी तांब्या रिकामा केला आणि परत येऊन आईला सांगितलं, पाणी काय गोड आहे गं त्या गावचं! लग्नानंतर पहिल्या सकाळी मी चूळ भरली आणि माझ्या साध्याभोळ्या वडिलांना कसं गुंडाळलं ते मला समजलं.

आसेगाव ओलांडलं आणि गाडीने वाफ सोडली. रेडिएटरचा पाइप फाटला होता. सासूबाई दिराला घेऊन शेजारच्या मळ्यात भरताची वांगी घ्यायला गेल्या. नवऱ्याने पाइपाला ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि सरळ निळा ड्रम उघडला. आमच्या पट्ट्यात हा रिवाजच आहे. खारं पाणी माणसाने प्यावं, इंजिनाला ते बाधतं. पट्टी काही केल्या बसेना, पाणी ओतलं की रस्त्यावर, ओतलं की रस्त्यावर. शेवटी पट्टी बसली तेव्हा निळ्या ड्रमाचा तळ दिसत होता. नवऱ्याने मळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पांढऱ्या ड्रममधलं पाणी बादलीने निळ्यात ओतलं आणि झाकण लावलं.

"आईले सांगू नको," तो म्हणाला.

"मी कशाले सांगू?" मी म्हटलं.

बहिरमला पोचल्यावर सासूबाईंनी निळ्या ड्रममधलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि समाधानाने मान डोलावली. "गोडं हाये." उभा जन्म खारं पिऊन त्यांच्या जिभेला फरकच कळत नव्हता. मीही चाखलं. मोरी धुवायच्या लायकीचं होतं. वरण चुलीवर चढलं, उकळत राहिलं आणि डाळ जशीच्या तशी. सासूबाईंनी अकोल्याच्या जुन्या शहरातल्या डाळवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हाकेच्या अंतरावर जत्रेचा टँकर उभा होता, कळशीभर पाणी आणायला कितीसा वेळ लागला असता? मी उठलेच नाही. वांगी भाजत बसले आणि मनातल्या मनात माझ्या वडिलांना हाक मारली, की या, बघायला या.

दुपारी पाहुणे आले. मुलगी, तिची आई आणि पांढऱ्या टोपीतले वडील. रीतीप्रमाणे आधी पाणी. मुलीच्या वडिलांनी मोठा घोट घेतला आणि तो तोंडातच धरून बसले. गिळावा की थुंकावा, ते चारचौघांत ठरवता येईना.

"आमच्या घरचंच हाये," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. एवढं मोठं खोटं त्या इतक्या ठसक्यात बोलल्या आणि ते नेमकं खरं निघालं. मला हसू आवरेना, मी चुलीत फुंकणी घातली.

वडिलांनी कसाबसा घोट गिळला आणि दिराकडे वळले. "रोज असंच असते काय पानी?"

दिराची जीभही सासूबाईंच्याच घरची. त्यानेही ते पाणी गोडं म्हणूनच प्यायलं होतं. त्याने आईकडे पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाला, "खोटं कायले बोलू मामा. एवढं चांगलं रोज नाही भेटत. हे त तुमच्यासाठी खास आणलं. रोजचं याच्याहून खारं राह्यते."

"याच्याहून?"

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. वडील टोपी सारखी करून उठायला टेकले. तेव्हा माझं हसू पळालं. माझ्या वडिलांचा हिशेब चुकता करायला बसले होते मी, आणि त्यात हा बिचारा भरडला जाणार होता.

तेवढ्यात मुलीने वडिलांच्या हातातला पेला घेतला आणि एक घोट घेतला. तिचा चेहरा आवळ्यासारखा झाला. मग ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "ताई, तुमी त आमच्या परतवाड्याच्याच ना? तुमी हे पेता?"

मी तोंड उघडायच्या आत दीर म्हणाला, "वयनीले नाही पचत हे. त्यायच्यासाठी मी आणतो ना दुसऱ्या गावाहून. सायकलवर, दोन कॅन."

"रोज?"

"रोज नाही आणलं त त्या पेतीन काय?"

हे कुणाला सांगायची गोष्ट आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं, आणि मीही कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलीने पेला खाली ठेवला आणि आईबापांसमोर सरळ त्यालाच विचारलं, "अन् मी आली त?"

तो विचारात पडला. अगदी खरोखर विचारात पडला, सायकल, कॅरिअर, चढाचा रस्ता, सगळं डोळ्यांसमोर आणून.

"मंग दोन खेपा," तो म्हणाला.

तिचे वडील खाली बसले आणि म्हणाले, "वाढा आता."