घड्याळजींच्या चकत्या

लेथवर लोखंड कातणाऱ्या टर्नरने कारखाना सोडला, पण लेथने काही त्याला सोडलं नाही. निवृत्त झाल्यावर त्याने एक छोटा लेथ घरी आणून अडगळीच्या खोलीत बसवला आणि तेव्हापासून घरातली एकही वस्तू सुखाने नांदेना. कपाटाच्या मुठी झाल्या, खुर्च्यांचे पाय झाले. शेवटी त्याची नजर पोकरच्या चकत्यांवर गेली.

चकत्या थोरल्या भावाच्या घरच्या. दर रविवारी दुपारी तिथे डाव बसे: दादा, वहिनी, खालच्या मजल्यावरचा कंपाउंडर आणि टर्नर. पैसे लावायचे नाहीत, हरेल त्याने सगळ्यांचे कप विसळायचे. पैशांच्या जागी या चकत्या मांडायच्या, एकच्या, पाचच्या आणि दहाच्या. कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबच्या होत्या त्या. रंग मळलेले, आणि प्रत्येकीवर क्लबचं नाव न् आकडा खोल ठसवलेला. टर्नरला तो परका ठसा वर्षानुवर्षं डोळ्यांत खुपायचा.

दादांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. सगळा रस्ता त्यांना घड्याळजी म्हणे. मागच्या वर्षी त्यांनी एकाएकी शटर ओढलं. "काट्यांचं घड्याळ घालतं कोण हल्ली?" असं म्हणाले, आणि सगळ्यांना ते पटलंही. पण त्यानंतर माणूस घुमा झाला. बोलायचे, हसायचे, ते फक्त रविवारी पत्ते हातात आले की. गेलेलं दुकान आपण दादांना निदान टेबलावर तरी आणून द्यायचं, असं टर्नरने मनाशी ठरवलं.

"धुऊन आणतो," अशी थाप मारून त्याने चकत्या घरी नेल्या. तोंडाला फडकं बांधून एकेक चकती लेथवर चढवली. वरचा ठसा सपाट केला, मग कडेला बारीक काठ ठेवून आत कागदाची जाडी मावेल इतकाच खळगा घेतला. दोन्ही बाजूंनी. छापखान्यातून गोल चित्रं करून आणून त्या खळग्यांत चिकटवली: दादांच्या दुकानाचं दार, त्यावरचं मोठं घड्याळ. आकडा मुद्दाम घातलाच नाही. एकच्या चकतीवर काटे एक वाजलेले दाखवत, पाचच्या चकतीवर पाच, दहाच्या चकतीवर दहा. ही कल्पना सुचली तेव्हा गडी स्वतःवरच खूश होऊन बायकोला दोनदा सांगून आला.

रविवारी त्याने डबा उघडला. कंपाउंडर तर बघतच राहिला. दादांनी एक चकती उचलली, तिच्यावरून अंगठा फिरवला, उलटी करून पुन्हा फिरवला. "छान झाल्यात," ते म्हणाले. वहिनी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होत्या.

डाव सुरू झाला. दादा "एक" म्हणाले आणि दहाची चकती पुढे सरकवली. पुढच्या हाताला "दहा" म्हणून एकची.

"घड्याळजी, आज सकाळीच घेऊन बसलात की काय?" कंपाउंडर हसला.

दादांनी चकती डोळ्यांजवळ नेली, मान वाकडी करून कोपऱ्यातून पाहिली. ते एवढंसं चित्र त्यांना पुसटसंही दिसेना. त्यांनी हातातले पत्ते खाली ठेवले. "तुम्ही खेळा," म्हणाले आणि भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेले.

"भावजी, त्यांना दिसत नाही हो," वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या. "मधलं सगळं पुसत चाललंय, कडेकडेचं तेवढं उरलंय. दुकान काय उगाच बंद केलं? मोठ्या आकड्यांचे पत्ते मी कुणासाठी आणले? चकत्या ते अंगठ्याने वाचायचे. मला शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही म्हणून."

दादांचा अंगठा सतत चकतीवर फिरताना टर्नरने इतके दिवस पाहिला होता आणि म्हाताऱ्याची खोड म्हणून सोडून दिलं होतं. दादांना शेवटचं जे वाचता येत होतं तेच त्याने हौसेने खरवडून काढलं होतं. आणि खरवडलेला ठसा जगातला कुठलाही लेथ परत आणून देत नाही.

पुढच्या रविवारी दादा खोलीबाहेर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

टर्नरने काठावर खाचा पाडून पाहिल्या. एकला एक, पाचला दोन, दहाला तीन. डोळे मिटून चाचपल्या, तर त्याला काही कळेना. जन्मभर लोखंड धरून निबर झालेला अंगठा तो! एका संध्याकाळी तो त्या चकत्या खिशात घालून दादांच्या खोलीत शिरला. माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवली होती, ती दारातच विसरला.

"दादा, खाच किती खोल घेऊ? माझ्या अंगठ्याला लागत नाहीये."

दादांनी हात पुढे केला.

"बारक्या, कडा बोचतेय. टूलला धार नाही तुझ्या," अंगठा फिरवत ते म्हणाले. "आणि खाचा इतक्या जवळ? लांब घे जरा."

"घेतो. दादा, ती चित्रं काढून टाकतो मी. चुकलंच माझं."

"राहू दे चित्र." दादांचा अंगठा गुळगुळीत कागदावर थांबला होता. "मला दिसत नाही रे. तू सांग, काय आहे त्यात?"

टर्नर त्यांच्या शेजारी पलंगावर बसला. "आपलं दुकान आहे. दार उघडं आहे. आत तुमचा दिवा दिसतोय. वर मोठं घड्याळ."

"किती वाजलेत?"

टर्नरने डोळे पुसले आणि चकती उजेडाकडे धरली.

"दहा."

"म्हणजे आत्ताच उघडलंय," दादा म्हणाले.